जावयाचे स्विस पूर्वज शोधायचे असतील तर झुरिकचं तिकीट शेवटी काढा

काका, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमची मुलगी पेनसिल्व्हेनियात, जावई तिथलाच, आडनाव हूवर. त्याच्या आजीने एक जुनी वही दिलीय, त्यात लिहिलंय की मूळ पुरुष हान्स हूबर, स्विस, १७३० च्या आसपास दोन भावांबरोबर जहाजाने फिलाडेल्फियाला आला आणि लँकेस्टर काउंटीत शेती करायला लागला. नातवासाठी हे सगळं तुम्हाला नीट लिहून काढायचंय. इंटरनेटवर या हान्सच्या वंशावळीची चार-पाच झाडं सापडली, प्रत्येकात आईबाप वेगळे, गाव वेगळं, आणि एक झाड तर थेट १३०० सालच्या कुठल्याशा सरदारापर्यंत गेलेलं, ढालीच्या रंगीत चित्रासकट. डीएनए टेस्ट करावी का हेही विचारलंय, आणि मे महिन्यात युरोप टूर आहे तर झुरिकला नेमकं कुठल्या ऑफिसात गेलं की खरं काय ते कळेल, असं तुम्ही विचारलंय.

अजून तरी कुठल्याच नाही. मी पेनसिल्व्हेनियात राहते आणि इथल्या जर्मन-स्विस घराण्यांच्या वंशावळी लावायचं काम बरीच वर्षं करतेय, आणि जवळपास प्रत्येक माणूस हा शोध चुकीच्या टोकाकडून सुरू करताना बघते. हान्स हूबर स्वित्झर्लंडमध्ये सापडेल का, तर हो, ढिगाने सापडतील. हान्स हे तेव्हाचं सगळ्यात वापरातलं नाव, आणि हूबर हे आडनाव जमीन कसण्याशी जोडलेलं, त्यामुळे एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या कितीतरी गावांत ते आपोआप तयार झालेलं. खरी अडचण ही आहे की लँकेस्टरमध्ये जमीन कसणारा जो हान्स तोच हा चर्चच्या वहीतला हान्स, हे कशावरून? त्या चार-पाच झाडांपैकी प्रत्येकाने बहुतेक हेच केलंय, नाव जुळलं, साल साधारण जुळलं, चिकटवून टाकलं. आणि मग दुसऱ्याने ते कॉपी केलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं, आणि आता पन्नास ठिकाणी दिसतं म्हणून ते खरं वाटतं.

पुढचं सगळं दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुमच्या प्रश्नात नाहीत. एक म्हणजे हे घराणं मेनोनाइट (तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा न देणारा ख्रिस्ती पंथ) होतं की रिफॉर्म्ड चर्चचं (झुरिक-बर्नचं अधिकृत प्रॉटेस्टंट चर्च). दुसरी म्हणजे हान्स थेट स्वित्झर्लंडहून आला की मध्ये एक-दोन पिढ्या जर्मनीत राहून आला. आणि तिसरी, तो १७२७ च्या आधी आला की नंतर.

तिसरीपासून सुरू करते कारण ती सोपी आहे. सप्टेंबर १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन बोलणाऱ्या लोकांची नोंद व्हायला लागली, कारण इतके परके लोक येतायत हे बघून तिथलं सरकार घाबरलं होतं. १६ वर्षांवरच्या पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठा लिहून द्यावी लागायची. एका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या असतात. पहिली कॅप्टनची, ती इंग्रज माणसाने कानावर पडेल तशी लिहिलेली, त्यात हूबरचं काय वाट्टेल ते झालेलं असतं. बाकीच्या दोन शपथेच्या, आणि त्या कामाच्या, कारण तिथे ज्याला लिहिता येतं त्याने स्वतः सही केलीय आणि ज्याला येत नाही त्याचं नाव कारकुनाने लिहून मध्ये खूण करून घेतलीय. बायका आणि मुलं या याद्यांत सहसा नाहीतच. आणि वर लिहिलेलं असतं ‘पॅलाटाइन’, म्हणजे राइनकाठच्या पॅलाटिनेट प्रांतातले, पण स्विस असो नाहीतर जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गचा, सगळ्यांना सरसकट तेच लेबल लागायचं, त्यामुळे त्या शब्दावरून मूळ ठरवू नका. हान्स १७२७ च्या आधी आला असेल तर अशी यादीच नाही, मग कितीही शोधा.

आता सहीचं सांगते, कारण इथे खूप मदत होते. जहाजाच्या यादीतली सही आणि मृत्युपत्रावरची सही शेजारी ठेवून बघायची. पण मृत्युपत्राची प्रत मागवली की काउंटीकडून बहुतेक वेळा रजिस्टरातलं पान येतं आणि त्यात सगळं कारकुनाच्या अक्षरात उतरवलेलं असतं, सहीसकट. तुम्हाला हवा तो मूळ सुटा कागद, जर्मन वळणाच्या अक्षरातला. तो आहे का असं वेगळं विचारावं लागतं. आणि जहाजाच्या यादीत खूण केलेली असेल आणि मृत्युपत्रावर सफाईदार सही असेल तर तिथेच थांबून विचार करा, दोन वेगळे हान्स असायची शक्यता बरीच आहे. (उलटं चालतं, म्हातारपणी हात थरथरतो म्हणून सही करणारा माणूस खूण करतो.)

लँकेस्टर काउंटी १७२९ मध्ये झाली. त्याआधी तो भाग चेस्टर काउंटीत होता. म्हणून १७२९ आधीची कर यादी, मृत्युपत्र, कोर्टाचं काही असेल तर चेस्टरकडे बघायचं, हे साधं वाटतं पण लोक वर्षानुवर्षं चुकीच्या कपाटात शोधत बसतात.

जमिनीचे कागद तर मला चर्चच्या वहीपेक्षा जास्त आवडतात. पेनसिल्व्हेनियात आधी वॉरंट (जमीन मोजून देण्याचा हुकूम), मग सर्व्हे (मोजणीचा नकाशा), मग पेटंट (मालकीचा अंतिम कागद) असा क्रम. विल्यम पेन १७१८ मध्ये वारला, त्यानंतर मालकीहक्काची भांडणं झाली आणि १७३२ मध्ये त्याचा मुलगा थॉमस येईपर्यंत जमीन खात्याचं काम जवळपास ठप्प होतं. लोक येत राहिले, झाडं तोडून शेती करत राहिले, कागद नंतर. त्यामुळे वॉरंटवर १७३४ असेल तर माणूस १७३४ मध्ये आला असा अर्थ काढू नका, तो दहा-बारा वर्षं तिथे बसलेला असू शकतो. हे सगळे सर्व्हे हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराने फुकट ऑनलाइन टाकलेत. एक उघडून बघा. वेडावाकडा चौकोन, प्रत्येक कोपऱ्यावर झाडाचं नाव, पांढरा ओक, हिकरी, नाहीतर नुसता दगडांचा ढीग, बाजूवर लांबी पर्चमध्ये, एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट, आणि चारी बाजूंना शेजाऱ्यांची नावं. ही शेजाऱ्यांची नावं लिहून घ्या. माझं निम्मं काम या नावांवर चालतं.

कारण ही माणसं एकटी येत नव्हती. एकाच खोऱ्यातली, एकाच मंडळीतली कुटुंबं एकत्र निघायची, एकत्र जमीन घ्यायची, एकमेकांच्या मृत्युपत्रांवर साक्षीदार व्हायची. लँकेस्टरमधली पहिली स्विस वस्ती अशीच झाली, ऑक्टोबर १७१० मध्ये हेर, केंडिग, मायलिन वगैरे मेनोनाइट मंडळींना पेक्वे ओढ्याजवळ १०,००० एकरांचं वॉरंट मिळालं. म्हणजे हान्स हूबर स्वित्झर्लंडमध्ये शोधण्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्याचं एखादं विचित्र, दुर्मीळ आडनाव शोधा. ते कदाचित एकाच गावात असेल, आणि त्याच गावात हूबरही निघाले तर तुमच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलं असं म्हणता येईल.

अजून एक, एकाच टाउनशिपमध्ये (काउंटीचा छोटा भाग) दोन हान्स हूबर असणं अजिबात नवल नाही. कर यादीत ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ दिसले की लोक बाप-लेक लावून मोकळे होतात. त्या काळात एकाच नावाच्या दोघांत मोठा कोण लहान कोण एवढंच त्यावरून सांगायचे, ते काका-पुतण्या असतील किंवा काहीच नातं नसेल. बायकोचं नाव आणि जमिनीची जागा या दोनच गोष्टींनी माणसं वेगळी काढता येतात. बायकोच्या नावाचीही गंमत आहे, स्वित्झर्लंडमधली व्हेरेना इकडे येऊन फ्रोनिका होते, मग फ्रेनी, मग फॅनी. तीन बायका समजून बसाल, असते एकच. आणि हान्स याकोब नावाचा माणूस इकडे नुसता याकोब म्हणून वावरतो. आडनावांचं तर विचारूच नका, हूबरचं हूवर झालं ते त्यातल्या त्यात बरं, झिमरमान लोक कार्पेंटर झालेत.

आता मेनोनाइट की रिफॉर्म्ड. हा प्रश्न स्विस बाजूसाठी सगळ्यात महत्त्वाचा, आणि याचं उत्तर अमेरिकेतच मिळतं, तो कुठल्या दफनभूमीत आहे, त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे लहानपणी झाले का, त्याने शपथ घेतली की नुसतं वचन दिलं. मेनोनाइट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत आणि शपथही घेत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये यासाठीच त्यांचा छळ झाला. झुरिकने हान्स लांडिस नावाच्या म्हाताऱ्याला १६१४ मध्ये ठार केलं, बर्नने तर अशा लोकांना पकडायला वेगळं खातंच काढलं होतं, तुरुंग, दंड, जमीनजप्ती, हद्दपारी. १६७१ मध्ये बर्नमधून शेकडो माणसं हाकलली गेली आणि पॅलाटिनेटमध्ये गेली, जिथे तीस वर्षांच्या युद्धाने, म्हणजे १६१८ ते १६४८, गावंच्या गावं ओस पडली होती आणि तिथल्या राज्यकर्त्याला शेती करणारे हात हवे होते. त्यामुळे ज्याला घरात ‘स्विस’ म्हणतात तो प्रत्यक्षात जर्मनीत जन्मलेला असतो, आजोबा स्विस असतात. तुमचा हान्स मेनोनाइट असेल तर त्याचा बाप्तिस्मा स्विस चर्चच्या वहीत नसण्याची शक्यता दांडगी आहे, आणि इंटरनेटवरच्या झाडात अचूक बाप्तिस्म्याची तारीख दिसली तर उलट संशय घ्या. अशा वेळी पॅलाटिनेटमधल्या मेनोनाइट कुटुंबांच्या याद्या बघायच्या, तिथल्या सरकारला त्यांच्याकडून संरक्षणाचा वेगळा कर घ्यायचा होता म्हणून त्यांनी १६६४ पासून अधूनमधून त्या केल्या. कर घेणाऱ्यांनी इतिहासावर फार उपकार केलेत.

यातलं एक नेहमीचं आमिष सांगून ठेवते. आडनाव हूवर म्हटल्यावर कोणीतरी तुम्हाला ३१ वे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या घराण्याला जोडून देईल. त्यांचा मूळ पुरुष आंद्रेआस हूबर, तो १७३८ मध्ये आला, जन्म पॅलाटिनेटमधल्या एलरश्टाटचा, त्याआधीची पिढी आज आरगाऊ कँटनमध्ये (स्विस राज्य) असलेल्या ओबरकुल्मची, जे तेव्हा बर्नच्या ताब्यात होतं. तो पुढे मेरीलँड आणि मग नॉर्थ कॅरोलायनाला गेला. त्याचा प्रवास बघा, म्हणजे एक ‘स्विस’ माणूस किती ठिकाणी कागद सोडतो ते कळेल. पण तुमच्या हान्सचा त्याच्याशी संबंध आहे असं मानायला आडनावापलीकडे काही कारण हवं.

समजा हान्स रिफॉर्म्ड निघाला आणि थेट आलेला निघाला, तर तुमचं नशीब बरं. स्विस माणूस जन्मला कुठे यापेक्षा त्याच्या घराण्याचा नागरिकत्वाचा हक्क कुठल्या गावात आहे हे तिथे जास्त मोजतात, आजही स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, हे गाव असतं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे गुरुजी ‘मूळ गाव कोणतं’ विचारल्याशिवाय वही उघडत नाहीत ना, अगदी तसंच. १९६२ साली कुठलं आडनाव कुठल्या गावात नागरिक म्हणून होतं याचं एक रजिस्टर ऑनलाइन आहे, त्यात १८०० च्या आधीपासूनची घराणी वेगळी दाखवलीत. हूबर टाकलंत तर अख्खा जर्मन-भाषक स्वित्झर्लंड दिवाळीसारखा उजळेल, काही उपयोग नाही. पण शेजाऱ्याचं दुर्मीळ आडनाव टाका आणि मग बघा.

झुरिककडे आणखी दोन चांगल्या गोष्टी आहेत. तिथल्या पाद्रींना १६३४ पासून दर काही वर्षांनी घरोघरच्या याद्या करायला लावल्या होत्या, घरातले सगळे, मुलांसकट. आणि सरकारला लोक निघून जाणं अजिबात पसंत नव्हतं, १७३४ पासून बंदीहुकूम निघत राहिले, शेवटी १७४४ मध्ये सगळ्या पाद्रींना सांगितलं की गेल्या दहा वर्षांत तुमच्या गावातून कोण कोण गेलं ते लिहून पाठवा. त्या याद्या टिकल्यात आणि छापल्याही गेल्यात. म्हणजे १७३४ ते १७४४ या काळात कोणी झुरिकच्या हद्दीतून गेला असेल तर नाव मिळायची आशा चांगली. त्यातला एक गट तर प्रसिद्ध आहे, मॉरित्झ ग्योत्शी नावाच्या पाद्रीबरोबर १७३४ च्या शरद ऋतूत निघालेला, वाटेत प्रचंड हाल होऊन त्यातले काही २९ मे १७३५ ला ‘मर्क्युरी’ जहाजाने फिलाडेल्फियाला पोचले आणि पाद्रीबुवा पोचल्या पोचल्या वारले. अशा जहाजाच्या यादीतली आडनावं एका ओळीत वाचली तरी कळतं की हे एकाच मुलखातले आहेत, आणि तशी यादी पाद्रींच्या यादीशी नावानिशी ताडून बघता येते. बर्नच्या बाजूला जाणाऱ्याने नेलेल्या मालमत्तेवर दहा टक्के कर कापून घेत, त्याच्या नोंदी आहेत. पुन्हा कर.

बर्नच्या चर्चच्या वह्या बर्नच्या राज्य अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्यात, घरी बसून बघा. एका बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडील, आई तिच्या माहेरच्या आडनावासकट, आणि तीन धर्म-आईबाप, मुलगा असेल तर दोन पुरुष एक बाई, मुलगी असेल तर उलट. माहेरचं आडनाव स्विस वहीत असतं आणि अमेरिकेत आलं की गायब, म्हणून हे सोनं आहे. तिथे एखादा हान्स वयाने जुळला की लगेच आनंद करायचा नाही, पहिलं काम त्याला बाद करायचा प्रयत्न करणं. तो लहानपणीच वारला का? त्याच गावात त्याचं लग्न झालं का? १७४० नंतर तिथेच त्याला मुलं होतायत का? असं एकेक उमेदवार कापत जायचं, शेवटी जो उरतो आणि ज्याच्या मागे शेजाऱ्यांचा पुरावा उभा राहतो तो. याला महिने लागतात.

तारखांचं एक झटकन. झुरिक, बर्न, बासेल यांनी १७०१ च्या सुरुवातीला नवं कॅलेंडर घेतलं, इंग्रजांनी आणि त्यांच्या वसाहतींनी १७५२ मध्ये. त्या मधल्या काळात दोन्हीकडच्या तारखांत ११ दिवसांचा फरक आहे, शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७३५ म्हणजे आपला १७३६ असू शकतो. वरवर न जुळणाऱ्या तारखा यामुळे जुळतात, आणि जुळणाऱ्या फिसकटतात.

तीन भावांची गोष्ट. ती प्रत्येक घरात आहे, खरंच प्रत्येक. कधीकधी खरी असते, बऱ्याचदा एका काउंटीत एकाच आडनावाची तीन घरं का आहेत याचं कोणीतरी नंतर दिलेलं स्पष्टीकरण असतं. वहीतून खोडू नका, पण ‘घरात सांगतात’ असं लिहा. १३०० चा सरदार मात्र सोडून द्या. स्विस गावांच्या चर्चच्या वह्या रिफॉर्मेशननंतरच्या (कॅथलिक चर्चपासून फुटलेली धर्मसुधारणा), म्हणजे १५२५ नंतरच्या, शेतकरी घराण्याचं त्याच्या मागे सलग काही मिळणं फार अवघड, आणि ढालीचं चिन्ह त्या आडनावाच्या कोणाचं तरी असतं, तुमच्या जावयाचं असेलच असं नाही. डीएनए टेस्ट विचारलीत, नेहमीच्या टेस्टला इतक्या पिढ्या मागचं झेपत नाही, त्यात लँकेस्टरच्या मेनोनाइट घरांत आपापसात इतकी लग्नं झालीत की कॉम्प्युटर ज्याला चौथ्या पिढीतला चुलत भाऊ म्हणतो तो पाच वेगळ्या वाटांनी लांबचा नातेवाईक निघतो. बाप-मुलगा-नातू अशा थेट पुरुषांच्या रांगेची वाय टेस्ट उपयोगी, आणि जावई हूवरच असल्याने तो करू शकतो, पण ती घराणं सांगेल, हान्सचं नाव नाही.

टूर रद्द करू नका हो, झुरिक सुंदर आहे, फक्त तिथे उत्तर मिळेल अशी आशा घेऊन जाऊ नका. त्याऐवजी मुलीकडे जाल तेव्हा दोन दिवस लँकेस्टरला द्या. विलो स्ट्रीट गावात १७१९ सालचं दगडी घर उभं आहे, काउंटीतलं सगळ्यात जुनं, लोक त्याला हान्स हेरचं घर म्हणतात. दाराच्या वरच्या दगडावर कोरलंय १७, मग सी एच एच आर, मग १९. म्हणजे ख्रिस्तियान हेर, हान्सचा मुलगा. नातवाला घेऊन जा आणि त्यालाच वाचायला लावा, लोक काय म्हणतात आणि दगड काय म्हणतो यातला फरक त्याला माझ्या एवढ्या लांबलचक उत्तरापेक्षा लवकर समजेल.

तोवर आजीच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो इथे टाका, जिवंत माणसांची नावं झाकून. हान्सच्या बायकोचं नाव आणि टाउनशिपचं नाव दिसतंय का एवढंच मला बघायचंय, ते असेल तर सर्व्हे कुठून उघडायचा ते सांगते.